वाऱ्याला पाठ देऊन

माझी थोरली आत्या ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ बुडाल्या त्या कार्तिकातली. धाकटे काका ‘रामदास’ बुडाली त्या आषाढातले. आमच्या घरी कुणाचं जन्मसाल विचारलं की आजी बोटीचं नाव सांगायची. श्रीवर्धन तालुक्यात समुद्राकाठच्या बहुतेक घरांतून तेव्हा हाच हिशेब चाले. शाळेत नाव घालताना मास्तर बोटीवरून साल काढायचे आणि रजिस्टरात मांडायचे.

पुढे मी आजीच्या तारखा ताडून पाहिल्या. चोख निघाल्या. ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन्ही आगबोटी ११ नोव्हेंबर १९२७ला, एकाच दिवशी, कोकण किनाऱ्यावर तुफानात सापडून बुडाल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या. ‘जयंती’वरचं कुणीच परत आलं नाही, असं आजी सांगे. त्या दिवशी तिची वेळ भरत आली होती आणि सुईण खाडीपलीकडून यायची होती. पण होडीच बंद. शेवटी शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या काकूंनी बाळंतपण केलं, माजघरात, बाहेर माड कडाकडा मोडत असताना. ही गोष्ट आत्याच्या प्रत्येक वाढदिवसाला सांगितली जायची आणि दर वेळी त्यात माड कुठल्या अंगाला पडले ते यायचंच. लहानपणी मला वाटे, या बायकांना पडलेल्या माडांची दिशा इतकी कशाला लक्षात ठेवायची असते? त्याचं उत्तर पुढे मिळालं.

‘रामदास’ची गोष्ट कोकणात सगळ्यांनाच ठाऊक आहे. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली बोट वाटेत काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं. आजीच्या लेखी ही सगळी तुफानंच. पण १९२७ची गोष्ट वेगळी आणि १९४७ची वेगळी, हे इथे सांगायला हवं. ‘रामदास’ बुडाली ती ऐन पावसाळ्यातल्या वाऱ्यापावसाच्या झोडपण्यात. लाट बसली, भ्यालेली माणसं एका अंगाला धावली, बोटीचा तोल गेला. ते चक्रीवादळ नव्हतं. चक्रीवादळं अरबी समुद्रात सहसा दोन वेळी उठतात: पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मधल्या महिन्यांत खालचा वारा एका दिशेने आणि उंचावरचा दुसऱ्या दिशेने इतक्या जोरात वाहतो की वादळाचा खांब उभाच राहू शकत नाही. जुळण्याआधीच तो फाटतो.

आजीला यातलं विज्ञान ठाऊक नव्हतं. पण कार्तिक संपेपर्यंत दर्याचा भरवसा धरायचा नाही, हे तिचं ठाम मत. तुळशीचं लग्न झालं, त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागले, आकाश निरभ्र झालं, म्हणजे सगळ्यांना वाटतं की आता पावसाळा गेला. होड्या लांब जातात, मुंबईची माणसं परतीला निघतात. नेमकं तेव्हाच. मी पंचांग काढून बसलो तेव्हा दिसलं की १९२७चं तुफान, १९४८ला मुंबईवर आलेलं वादळ आणि ११ नोव्हेंबर २००९चं ‘फयान’ ही तिन्ही कार्तिकाच्या वद्य पक्षातली. तीन वादळांवरून नियम करता येत नाही. पण आजीनं बोट ठेवलं होतं ते कॅलेंडरातल्या खऱ्याच धोक्याच्या जागेवर.

१९४८चं वादळ आत्याच्या तोंडून ऐकलेलं. तेव्हा ती लग्न होऊन गिरगावात, चाळीच्या वरच्या मजल्यावर राहायला गेली होती. २१ नोव्हेंबरचा रविवार आणि २२चा सोमवार. खिडक्यांच्या कड्या वाऱ्याने उचकटायला लागल्या तेव्हा तिने आणि शेजारणीने लुगडी पिळून कड्यांना बांधली आणि टोकं पलंगाच्या पायाला आवळली. वरची मंगलोरी कौलं एकेक करून निघाली. आधी वळचणीची, मग आढ्याजवळची. सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून खालच्या मजल्यावरच्या, रस्त्याकडे खिडकी नसलेल्या मधल्या खोलीत रात्र काढली. “रस्त्यावरचं काही दिसत नव्हतं म्हणून भीती जास्त वाटत होती, पण त्याच खोलीनं वाचवलं,” असं ती म्हणे. सकाळी यजमान कामावर निघाले तर ट्राम नाही, रस्त्यात झाडं आडवी, आणि कुणाच्या कुणाच्या घराचे पत्रे रस्त्याच्या मधोमध.

आता बंदरावरच्या आजोबांकडे वळतो. आजोबांचे हे धाकटे भाऊ बंदरावर कारकून होते आणि बावटा लावायचं काम त्यांच्याकडे होतं. कोकणात आजही ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असं म्हणतात. पण त्या तीन नंबरात काय दडलंय ते मला या आजोबांनी ओट्यावर बसून, सुपारी कातरता कातरता सांगितलं होतं. मोठ्या बंदरांवर इशाऱ्याचे क्रमांक एक ते अकरा. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन आणि चार म्हणजे आता खुद्द बंदराला वाऱ्याचा त्रास होईल. पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका. लहान बंदरांना एवढ्या छटांचा उपयोग नाही म्हणून तिथे पाचच इशारे: तीन, चार, सात, दहा आणि अकरा. दिवसा डोलकाठीवर काळ्या आकृत्या चढवायच्या, रात्री तांबडे-पांढरे दिवे. वादळ बंदराच्या डाव्या अंगाने जाणार की उजव्या अंगाने, की थेट डोक्यावरून, हेसुद्धा मोठ्या बंदरांच्या आकड्यांतून कळतं.

आणि अकरा? आजोबा अडकित्ता खाली ठेवून सांगत. अकरा म्हणजे वेधशाळेशी तारच तुटली. पुढे काय येणार ते सांगणारं आता कुणी नाही. बंदरावरच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या नजरेने वाटतं आहे की वाईट होणार. दहा नंबरापेक्षा त्यांना अकराची धास्ती जास्त. ही सगळी पद्धत कोलकात्यापासून सुरू झाली. ५ ऑक्टोबर १८६४च्या चक्रीवादळाने हुगळीतली जहाजं आणि काठावरची हजारो माणसं नेली, तेव्हा कुठे बंदरांना आगाऊ इशारा द्यायची सोय झाली, आणि १८७५ साली भारतीय हवामान विभाग उभा राहिला. म्हणजे आपल्याकडच्या हवामानखात्याच्या जन्मामागेसुद्धा एक वादळ आहे.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती कोळीवाड्यातल्या तांडेल आजोबांची शिकवण. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. आम्हा पोरांना ते पुळणीवर उभं करायचे आणि वाऱ्याला पाठ द्यायला लावायचे. मग डावा हात खांद्याच्या रेषेत पसरायचा. तुफान समुद्रात कुठे असेल तर ते त्या हाताच्या अंगाला. जमिनीवर उभे असलात तर हात जरासा पुढे घ्यायचा. हात दाखवतो त्या बाजूला होडी न्यायची नाही. तासाभराने पुन्हा तसंच उभं राहायचं. हात सरकला असेल तर तुफान सरकतंय, ते कुठल्या बाजूला चाललंय हे कळलं. हात सरकत नाही आणि वारा वाढतोच आहे, तर ते सरळ आपल्याकडे येतंय.

कॉलेजात भूगोलाच्या पुस्तकात मला हेच सापडलं. बाइज बॅलट नावाच्या डच हवामानशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेला नियम: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर कमी दाब डावीकडे असतो. पृथ्वी फिरते म्हणून कमी दाबाकडे धावणारा वारा सरळ आत शिरू शकत नाही. आपल्या गोलार्धात तो उजवीकडे ढकलला जातो आणि केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागतो. तांडेल आजोबांना हे त्यांच्या बापानं शिकवलं, बापाला त्याच्या बापानं. पुस्तकातून खाली किनाऱ्यावर आलं की किनाऱ्यावरच्या माणसांनी पाहून पाहून बांधलं, ते सांगता येणार नाही. मला ते दोन्हीकडे सारखंच खरं दिसलं, आणि आजी-आत्या माडांची दिशा का लक्षात ठेवत होत्या तेही तेव्हा उमगलं. पडलेला माड म्हणजे वारा कुठून आला याची नोंद.

तांडेल आजोबांची दुसरी शिकवण एवढीच: तुफानात वारा एकदम गप्प झाला तर कुणी घराबाहेर पडायचं नाही.

३ जून २०२०. टाळेबंदीमुळे मी मार्चपासून गावीच होतो. घरात पुतण्या, त्याची बायको, दोन मुलं आणि त्र्याण्णवाव्या वर्षात असलेली आत्या. यजमान गेल्यापासून ती माहेरीच राहत होती. दोन दिवस आधीपासून हवामान विभागाच्या सूचना येत होत्या. समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, मग खोल दाबाचं, मग ‘निसर्ग’ हे नाव. वादळांच्या नव्या यादीतलं ते पहिलंच नाव, बांगलादेशाने सुचवलेलं. किनाऱ्यालगतच्या घरांतली माणसं शाळेत हलवली होती; साथीच्या भीतीने तिथे बसायलाही लोक कचरत होते. होड्या खाडीत आत घेऊन बांधल्या होत्या.

आदल्या दिवशी आत्याने पुतण्याला कामाला लावलं. अंगणातले सुटे पत्रे, फळ्या, कुंड्या, खुर्च्या, सगळं पडवीत. टाकी भरून ठेव, वीज गेल्यावर पंप चालणार नाही. विहिरीवर रहाटाचा दोर आहे का बघ. गॅसची टाकी बंद कर. सातबारा, दाखले, औषधं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या उशाशी ठेव. पुतण्याने विचारलं की वाऱ्याला वाट म्हणून मागची दारं उघडी ठेवायची का. आमच्याकडे असा एक समज होताच. अमेरिकेतसुद्धा एके काळी टॉर्नेडो आला की खिडक्या उघडा, आतला-बाहेरचा दाब सारखा होईल, असं सांगत. ते चुकीचं होतं आणि आता कुणी सांगत नाही. वारा एकदा आत शिरला की तो छप्पर आतून वर ढकलतो, आणि वरून जाणारा वारा ते ओढतच असतो. आत्या म्हणाली, “अरे, लुगड्यांनी बांधलेल्या खिडक्या मी सोडायला गेले नव्हते. सगळं बंद कर.”

सकाळी वारा डोंगराकडून येत होता. मी ओट्याच्या कडेला वाऱ्याला पाठ देऊन उभा राहिलो. तोंड समुद्राकडे, डावा हात दक्षिणेला, जरा पुढे. वादळ नैर्ऋत्येला होतं. नकाशातही तसंच दिसत होतं. तासाभराने हात तिथेच. वारा मात्र वाढलेला.

सकाळी अकरानंतर आम्ही सगळे माजघरात. आमचं घर जुनं, चौपाखी. चारही अंगांनी उतरतं छप्पर, आढं बेताच्या उंचीवर. अशा छपराला वारा कुठूनही आला तरी सपाट भिंतीसारखी धडक बसत नाही. दोन पाखी घराच्या तिकोनी भिंतीला ती बसते. जुन्या सुतारांनी हे हिशेब कुठे लिहून ठेवले नाहीत, घरं बांधून ठेवली. वाडीतल्या सुपाऱ्या फटीतून दिसत होत्या. सुपारीचं झाड म्हणजे हाताच्या पंजात मावेल एवढ्या जाडीचं आणि पन्नास-साठ फूट उंच. एरवीच्या वाऱ्यात ते लवतं आणि पुन्हा उभं राहतं. त्या दिवशी शेंडा जवळजवळ जमिनीकडे येत होता, परत जात होता, आणि मग मध्यावर फुटत होता. आवाज व्हायचा तो बंदुकीच्या बारासारखा, एकामागून एक. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. त्या दुपारी वादळाच्या गाभ्यात ताशी शंभर ते एकशेदहा किलोमीटर वारा होता आणि मध्येच येणारे झोत त्याहून जास्त. नेहमीच्या पन्नास किलोमीटरच्या सोसाट्यापेक्षा चौपट रेटा, तोही तासन् तास.

दुपारी मग ते झालं. वारा पडला. एकदम. पाऊसही थांबला, आभाळात उजेड आला. शेजारचे लोक बाहेर आले. कुणी उडालेलं ताडपत्रीचं टोक धरू लागलं, कुणी शिडी लावली. पुतण्या उठला, त्याची गाय गोठ्यात होती. आत्या दाराशी बसली होती. तिने अडसर काढू दिला नाही. “गप्प झालाय, गेला नाहीये. आता दर्यावरून येईल. त्या सगळ्यांना हाका मार, आत जायला सांग.” पुतण्याने खिडकीतून ओरडून सांगितलं. काही ऐकून आत गेले. शिडीवरचा माणूस उतरून पडवीत शिरला आणि थोड्याच वेळात पहिला झोत आला, पश्चिमेकडून, समुद्राची वाळू घेऊन. ती शिडी समोरच्या गडग्यापलीकडे गेली.

चक्रीवादळाच्या मध्याशी वारा शांत असतो, कारण आत धावणारी हवा केंद्राभोवती इतक्या जोरात फिरते की ती केंद्रापर्यंत पोचतच नाही. तिथे तर हवा वरून हळूहळू खाली उतरते, म्हणून ढगही विरळ होतात. वादळ चालत असतं; मध्य आपल्यावरून सरकला की पलीकडच्या कडेचा वारा येतो आणि तो बरोबर उलट दिशेने येतो. सकाळच्या वाऱ्याने झाडं पश्चिमेकडे लववून मुळं सैल केलेली असतात, दुपारचा वारा ती पूर्वेकडे ओढून उपटतो. आमच्या वाडीत दोन्ही दिशांना पडलेली झाडं होती. सुपाऱ्या बहुतेक पूर्वार्धात मोडल्या, माड बहुतेक उत्तरार्धात मुळासकट गेले.

त्या दिवशी सकाळपासून सगळ्या वाहिन्यांवर मुंबईचं काय होणार हीच चर्चा होती. मुंबई वाचली, आणि संध्याकाळी वाहिन्यांनी वादळ संपलं असं धरलं. ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि ईशान्येकडे गेलं. वादळ जमिनीकडे चालतं तेव्हा त्याच्या उजव्या अंगाचा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. फिरण्याचा वेग आणि चालण्याचा वेग तिथे एकत्र होतात, आणि पाणीही तोच वारा किनाऱ्यावर ढकलतो. उधाणाची भरती आणि हा रेटा एका वेळी आले तर गावात पाणी शिरतं. डाव्या अंगाचा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. मुंबई डावीकडे होती. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, पलीकडे मंडणगड आणि दापोली हे गाभ्यात आणि उजवीकडे होते. मुंबई सुटली याचा आनंद मलाही झाला, माझी निम्मी माणसं तिथे आहेत. पण आमच्याकडे काय झालं हे त्या माणसांना कळायलासुद्धा कितीतरी दिवस लागले. विजेचे खांब आडवे, मोबाइलचे मनोरे बंद, रस्ते झाडांनी भरलेले. बंदरावरच्या आजोबांचा अकरा नंबर लागला होता.

दोन दिवसांनी, ५ जूनला, वटपौर्णिमा होती. देवळासमोरचा वड उन्मळून आडवा झाला होता. त्याची एक जाड फांदी वर आलेली होती. बायकांनी तोडलेल्या फांद्यांतून वाट काढत जाऊन त्या फांदीला सूत गुंडाळलं. आत्याला मी खुर्चीवर बसवून तिथवर नेलं. तिने वडाकडे पाहिलं आणि विचारलं, “मुळं कुठल्या बाजूला आहेत?” मुळं समुद्राच्या बाजूला होती.

वादळानंतरचे दिवस वादळाइतकेच घातकी असतात आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. ओल्या शेवाळी कौलांवर चढून माणसं पडतात. पडलेल्या झाडाचं खोड ताणलेलं असतं, कोयता चुकीच्या जागी बसला की ते उसळतं. पडलेली तार मेलेली आहे असं धरून चालतात आणि कुणीतरी दूरच्या जनित्रातून वीज सोडलेली असते. जनरेटर बंद खोलीत चालवला तर धुराने माणूस झोपेतच जातो. विहिरीत पालापाचोळा आणि खारं पाणी. ढिगाऱ्यात साप. आमच्याकडे पुतण्याने पहिले दोन दिवस कुणालाही छपरावर जाऊ दिलं नाही, ताडपत्री आतून वाशांना बांधली. माझ्या मते त्याने त्या आठवड्यात केलेलं ते सगळ्यात शहाणपणाचं काम.

नुकसान मोजायला माणसं आली तेव्हा खरा प्रश्न पुढे आला. वाडी असते गुंठ्यांत. दहा-वीस गुंठ्यांत माड, त्याखाली सुपारी, सुपारीवर मिरीचे वेल, मध्ये जायफळ, कडेला केळी. एका जागेवर चार मजल्यांचं पीक. हेक्टरच्या हिशेबात हे बसत नाही. आणि भाताचं शेत एका पावसाळ्यात पुन्हा उभं राहतं, तसं सुपारीचं नाही. रोप लावल्यापासून पहिलं फळ धरायला पाच-सात वर्षं, माडाला तितकीच किंवा जास्त, जायफळाचं तर विचारूच नका. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्या झाडांवरून उतरत होती त्यातली कित्येक झाडं आजोबांनी लावलेली होती. ज्यांची वाडी गेली त्यांच्या घरातल्या एका पिढीच्या हातातून उत्पन्न गेलं. माणसं मात्र फार थोडी गेली. १९२७ला बोटींवर गेलेल्या माणसांना कुणी दोन दिवस आधी सांगितलं असतं तर तीही घरीच राहिली असती. हा फरक मी कधी विसरत नाही.

त्या दिवसांत फोन सुरू झाल्यावर पुतण्याच्या धाकट्याने मला एक व्हिडिओ दाखवला. काळ्या ढगातून लोंबणारी सोंड, खाली धूळ, आणि वर लिहिलेलं ‘कोकणात निसर्ग’. तो कोकणातला नव्हता आणि चक्रीवादळही नव्हता. तो अमेरिकेतला टॉर्नेडो होता. मी त्याला फरक सांगितला. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर रुंद, गरम समुद्रावर दिवसेंदिवस पोसलेलं, त्याची वाट आधी कळते. टॉर्नेडो एकाच गडगडाटी ढगाच्या पोटातून उतरतो, त्याची रुंदी बहुधा काही शे मीटर, आयुष्य बहुधा काही मिनिटांचं, क्वचितच तासाभराहून जास्त. पण सगळ्यात जोरदार टॉर्नेडोतला वारा ताशी चारशे किलोमीटरवर जातो, आणि हाताशी वेळ मिळतो तो मिनिटांचा. जगातला सगळ्यात जास्त बळी घेणारा टॉर्नेडो आपल्या शेजारीच झाला. २६ एप्रिल १९८९, बांगलादेशातला माणिकगंज जिल्हा, दौलतपूर आणि सातुरिया. सुमारे १३०० माणसं. घरं पत्र्याची आणि कुडाची, आत शिरून बसायला पक्की खोली नाही. तिथे काय करायचं असतं? सगळ्यात खालच्या मजल्यावर, घराच्या मधल्या, खिडकी नसलेल्या खोलीत जायचं, डोकं आणि मान झाकून खाली वाकायचं. उघड्यावर असलात तर पुलाखाली थांबायचं नाही, तिथे वारा अरुंद वाटेतून आणखी जोरात घुसतो. गाडी सोडून सखल जागेत पालथं पडायचं. मुलगा म्हणाला, “म्हणजे आपलं माजघरच की.” अगदी बरोबर. आत्यानेही १९४८ला गिरगावात तेच केलं होतं.

समुद्रावरची सोंड तांडेल आजोबांनी पाहिली होती. ती आली की होडी तिच्या वाटेतून आडवी काढायची, पाठमोरी पळवायची नाही, असं ते सांगत.

आता एक गोष्ट अशी आहे की ज्यात वडीलधाऱ्यांची आठवण अपुरी पडते. आजीच्या हिशेबात दोन मोठ्या तुफानांमध्ये वीस-वीस वर्षं जात. चक्रीवादळं बंगालच्या उपसागराची, अरबी समुद्रात चाराला एक, असं आम्ही शाळेत शिकलो. तो हिशेब बदलतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २०००च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचं दाखवलं आहे. एकट्या २०१९ साली अरबी समुद्रात पाच वादळं झाली. वादळाला पोसायला समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर लागतं, आणि तेही नुसतं पृष्ठावर नाही, खाली पन्नासेक मीटरपर्यंत. अरबी समुद्र आता मे महिन्यात त्याहून कितीतरी गरम असतो. वीस वर्षांनी एकदा आठवायच्या गोष्टी आता दर उन्हाळ्यात आठवाव्या लागणार आहेत, आणि म्हणून त्या घराघरांत बोलल्या गेल्या पाहिजेत. फोनवर इशारा येतो, ते फार मोठं काम आहे, त्याने हजारो जीव वाचतात. पण वारा पडल्यावर दाराचा अडसर काढायचा की नाही, हे फोन बंद पडल्यानंतर ठरवायचं असतं.

पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ आलं. १७ मे २०२१. ते किनाऱ्यावर न चढता समुद्रातूनच उत्तरेकडे गेलं आणि त्या रात्री गुजरातेत, उनाजवळ जमिनीवर आलं. मुंबईपासून दूर समुद्रात तेलक्षेत्राजवळ ‘पी-३०५’ नावाचा तराफा त्यात बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलाने १८६ जणांना वाचवलं. इशारा सगळ्यांना मिळाला होता, तरी ती माणसं समुद्रात होती. १९२७ला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून माणसं गेली असं आपण म्हणू शकतो. २०२१साठी हे कारण पुरत नाही.

त्या सोमवारी पहाटेपासून आमच्याकडे वारा होता, पण ‘निसर्ग’सारखा नव्हता. पुतण्याची दोन्ही मुलं ओटीवर वाऱ्याला पाठ देऊन उभी. मी एका वहीत तास आणि दिशा लिहून घेत होतो. पहाटे वारा आग्नेयेचा, हात नैर्ऋत्येला. उजाडल्यावर वारा दक्षिणेचा, तोंड उत्तरेला आणि डावा हात सरळ समुद्राकडे. थोरल्याने फोनवरचा नकाशा उघडला. वादळ आमच्या बरोबर पश्चिमेला होतं. दुपारी वारा नैर्ऋत्येचा झाला आणि हात वायव्येला सरकला. धाकटा आत धावत गेला आणि आत्याच्या कानाशी ओरडून म्हणाला, “पुढे गेलं गं आत्याआजी, मुंबईकडे गेलं.”

तिने वारा पडलाय का विचारलं. तो म्हणाला, नाही, हळूहळू कमी होतोय. “हळूहळू ना? मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि पुतण्याला गाय सोडायला सांगितली.